हिऱ्यांच्या शहरात एक लहान मुलगा

बेल्जियममधील अँटवर्प शहरात रेल्वेने पोहोचणारा प्रवासी प्रथम मान वर करून पाहतो. १९०५ साली पूर्ण झालेल्या तेथील मध्यवर्ती स्थानकाचा दगडी घुमट, रुंद जिने आणि फलाटांवरील लोखंड-काचेचे उंच छत पाहून आपण रेल्वेच्या स्थानकात आलो की एखाद्या राजवाड्यात, असा संभ्रम पडावा. मुंबईकराला बोरीबंदरची आठवण हटकून येते. स्थानकाला लागूनच १८४३ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे, आणि बाहेर पडून चार पावले चालले की होवेनिर्सस्ट्राट, रैफस्ट्राट व स्खुपस्ट्राट या अरुंद गल्ल्या लागतात. दिसायला या गल्ल्या अगदी साध्या. दुकानांची झगमग नाही, पाट्यांचा डौल नाही. मोटारींना मज्जाव, जागोजागी कॅमेरे आणि पहारा, एवढ्यावरून काय ते समजून घ्यावे. जगातील हिऱ्यांच्या व्यापाराचा फार मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या या गल्ल्यांतून वाहत आला आहे.

या गल्ल्यांत काळा लांब कोट आणि काळी टोपी घातलेले ज्यू व्यापारी दिसतात, तसेच आपसांत गुजराती बोलत चाललेले भारतीयही दिसतात. १९६० च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे येथे येऊ लागली. सुरत-नवसारीकडील कारागिरांनी पैलू पाडलेल्या लहान हिऱ्यांच्या व्यापारात त्यांनी जम बसवला आणि पुढे या बाजारात भारतीयांचे स्थान अग्रभागी आले. येथील एक रीत मोठी लक्षणीय आहे. सौदा ठरला की दोन्ही पक्ष हात मिळवतात आणि ‘माझल’ म्हणतात. ज्यू व्यापाऱ्यांच्या बोलीतील हा शब्द भाग्य चिंतणारा. आता आपले व्यापारीही तो सहज उच्चारतात. तो एकदा उच्चारला की सौदा पक्का. मात्र त्यासाठी दोन्ही हात पुढे यावे लागतात. एकाच हाताने माझल होत नाही.

परदेशी बिऱ्हाड हलविण्याचा निर्णय हाही एक मोठा सौदाच असतो. त्यात काय मिळणार, काय सोडावे लागणार, याचा हिशेब घरातील मोठी माणसे रात्र-रात्र बसून मांडतात. पण त्या सौद्यातील एका भागीदाराला बहुधा कोणी विचारलेले नसते. तो भागीदार सात, नऊ किंवा अकरा वर्षांचा असतो, आणि सौद्याची किंमत मोजताना त्याचा वाटा लहान नसतो.

गिरगावातील एका जैन कुटुंबाची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. नावांना येथे महत्त्व नाही. थोड्याफार फरकाने ती अनेक घरांची आहे. वडील ऑपेरा हाऊसजवळच्या हिरेबाजारात नोकरीस होते. अँटवर्पमधील एका नातलगाच्या पेढीत त्यांना जागा मिळाली आणि ते सहा महिने आधी पुढे गेले. मागे राहिली पत्नी, वृद्ध आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. घरात गुजराती, वर्गात इंग्रजी आणि जिन्यात मराठी, अशा तीन भाषांत हा मुलगा वाढलेला. इमारतीतील त्याचे सारे सवंगडी मराठी. क्रिकेट मराठीतून, भांडण मराठीतून, आणि भाद्रपदात घरी पर्युषणाचे उपवास चालू असताना खाली गणपतीच्या मंडपात त्याचा मुक्कामही मराठीतूनच.

मुलाला सांगण्यात आले ते इतकेच, की मे महिन्याच्या सुट्टीत आपण पप्पांकडे जाणार आहोत. यात कपट नव्हते. परीक्षेच्या आधी त्याचे मन विचलित होऊ नये, निघताना रडारड होऊ नये, तिकडे गेल्यावर सारे आवडेल तेव्हा आपोआप समजेल, असा आईवडिलांचा सरळ विचार होता. मुलाने सुट्टीपुरते सामान घेतले. खालच्या मजल्यावरील मित्राकडून वाचायला आणलेला ‘किशोर’ मासिकाचा दिवाळी अंक त्याने टेबलाच्या खणात नीट ठेवला. परत आल्यावर द्यायचा होता. शाळेचा निरोप नाही, बाकावरच्या सोबत्याचा निरोप नाही, इमारतीच्या रखवालदाराला साधा हात करणेही नाही. सुट्टीला जाणारा माणूस निरोप घेत नसतो.

अँटवर्पमध्ये जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराला प्रथम ही चैन वाटते; सावकाश जेवा, घड्याळाकडे पाहण्याचे कारण नाही. मुलाला मात्र लख्ख उजेडात झोपवावे लागते. जाड पडदे ओढले तरी कडांतून प्रकाश येतोच. तो अंथरुणावर पडून भिंतीकडे पाहत राही आणि आई समजे, नवी जागा आहे, होईल सवय.

जूनचा मध्य आला. मुंबईच्या शाळा उघडण्याचे ते दिवस. मुलाने न्याहारीच्या वेळी विचारले, “आज शाळा उघडली असेल ना? आपण कधी जायचं?”

आईने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, “आता आपण इथेच राहायचं, बेटा. इथली शाळा खूप छान आहे.”

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मग तो अंक?”

कोणता अंक, हे कोणालाच उमगले नाही. वडिलांनी हसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “तुला इथे दहा नवी पुस्तकं घेऊन देतो.” मुलगा रडला नाही, रुसला नाही. आईवडिलांना हायसे वाटले. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहून गेली, ही उधारी आहे आणि उधारी नव्या खरेदीने फिटत नाही, हे त्या घरातील सर्वांत लहान व्यापाऱ्याला ठाऊक होते.

अँटवर्पमध्ये जैन कुटुंबाला उणे असे फारसे काही नाही. शहराच्या दक्षिणेकडील विल्राइक या उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथाचे भव्य मंदिर आहे. भारतात कोरलेल्या शुभ्र संगमरवराचे ते शिखर ढगाळ आकाशाखाली पाहिले की मन भरून येते. पूजा आहे, पाठशाळा आहे, लग्नकार्ये आणि जेवणावळी आहेत. नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात डाळ, तांदूळ आणि मसाल्याचा डबा आणून देणारी माणसे आहेत. मोठ्यांना या साऱ्याचा मोठा आधार वाटतो आणि तो खराच असतो. याच आधारामुळे त्यांची एक समजूतही होते : मंदिर आहे, आपली माणसे आहेत, आपले जेवण आहे, म्हणजे मुलाचेही सर्व काही आहे. गिरगावच्या जिन्यातील मराठी मात्र त्या मंदिराच्या आवारातही नव्हती. मुलाचे जे हरवले होते ते मोठ्यांच्या यादीतच नसल्यामुळे त्याची भरपाई करण्याचे कोणाला सुचले नाही.

फ्लांडर्स प्रांतात शाळा १ सप्टेंबरला सुरू होतात. पर्युषणाचे दिवसही साधारण याच सुमारास येतात. घरात आराधनेची गडबड आणि मुलाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड आठवडा एकाच वेळी. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क परवडणारे नव्हते, म्हणून घराजवळच्या डच माध्यमाच्या शाळेत नाव घातले होते. आईने खबरदारी म्हणून एक डच वाक्य शेजाऱ्यांकडून पाठ करवून घेतले : मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. शाळेतील वाढदिवसांना वाटल्या जाणाऱ्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते, आणि बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे काप परंपरेने गाईबैलांच्या चरबीत तळले जातात. तेव्हा ही खबरदारी अनाठायी नव्हती. परंतु त्या मुलाच्या नव्या भाषेचा आरंभ नकाराने झाला. मला काय चालत नाही, हे त्याला सांगता येत होते. मधल्या सुट्टीत पटांगणाच्या कडेला उभे राहून, मला खेळायला घ्याल का, हे विचारता येत नव्हते.

डब्याचेही तसेच. तेथील मुले पावाचे काप आणतात. हा थेपले नेई. कोणी वाईट बोलले नाही, फक्त चार मुलांनी वास घेऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने पाव आणि चॉकलेटचा लेप मागितला. आईच्या जिवाला ते लागले. परंतु डबा म्हणजे धर्माची परीक्षा नव्हे. नवीन मुलाला वर्गात काही दिवस तरी कोणाच्या डोळ्यांत न भरता बसायचे असते. त्या पावात अंडे नाही आणि चॉकलेटात जिलेटिन नाही, एवढे पाहून घेतले की त्याची मागणी मान्य करण्यात कोणताही नियम मोडत नाही. थेपले घरी चार वाजता गरम मिळाले तर अधिक गोड लागतात.

ऑक्टोबरअखेर शिक्षिकेने आईवडिलांना बोलावले. तेथील मुले शिक्षिकेला ‘युफ’ म्हणतात. त्यांनी सांगितले, की मुलगा सारे लक्षपूर्वक ऐकतो, गणितात चांगला आहे, पण दोन महिन्यांत तो वर्गात जवळजवळ बोललेला नाही. वडील शरमले. आपण घरीही डचच बोलायला सुरुवात करू, असे त्यांनी सुचविले. शिक्षिकेने तसे न करण्याचा सल्ला दिला. नव्या भाषेत पडलेले मूल पुष्कळदा काही महिने केवळ ऐकते, साठवते आणि मग बोलू लागते. त्या शांततेला घाबरू नये. घरची भाषा मोडून नवी भाषा येत नाही. पहिली भक्कम असेल तर दुसरी तिच्या आधाराने उभी राहते. त्यांच्या वर्गात अरबी, तुर्की, पोलिश बोलणाऱ्या घरांतील मुले होती. हा अनुभव त्यांना नवा नव्हता. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला : “घरी तो कोणत्या भाषेत खेळतो?”

हा प्रश्न आईवडिलांना कधी पडलाच नव्हता. घरी आल्यावर आईला आठवले, की न्हाणीघरातून कधीकधी पुटपुटणे ऐकू येते. त्या संध्याकाळी तिने दाराशी उभे राहून कान दिला. आत मुलगा हलक्या आवाजात क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन करीत होता. गोलंदाज तोच, फलंदाज तोच, समालोचकही तोच. आणि सारे मराठीत. त्या शहरात त्याची मराठी ऐकणारे दुसरे कोणी नव्हते.

बेल्जियममधील शाळांना बुधवारी दुपारी सुट्टी असते. हिवाळ्यात अँटवर्प आणि मुंबई यांच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर पडते. म्हणजे तेथे दुपारचे बारा वाजले की गिरगावात साडेचार, मुले शाळेतून परत येऊन खाली उतरण्याची वेळ. आईने खालच्या मजल्यावरील मित्राच्या आईला फोन केला आणि पुढच्या बुधवारी दोन मुले पडद्यावर समोरासमोर आली. पहिली दोन मिनिटे कोणीच बोलले नाही. मग हा म्हणाला, “अरे, तुझा ‘किशोर’ माझ्या खणात राहिलाय.”

मित्राने खांदे उडवले. “तुझ्या आजीने केव्हाच आणून दिला. जून महिन्यातच.”

मुलाचा चेहरा उजळला. स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजणाऱ्या आईला त्या दिवशी कळले, की जूनमध्ये तो कोणत्या अंकाविषयी बोलत होता. पाच महिने ते ओझे त्याने वाहिले होते आणि बाने मात्र कोणी न सांगता ते ओळखले होते. त्यानंतर दर बुधवारची दुपार मराठीची ठरली. जुन्या मित्रांशी बोलू दिले तर मूल नव्या जागी रुळत नाही, असे पुष्कळांना वाटते. या घरात तरी उलट घडले. मागचे दार उघडे आहे याची खात्री पटल्यावरच मुलगा पुढच्या दाराकडे वळला. त्याच आठवड्यात आईने शिक्षिकेकडून आणखी एक वाक्य लिहून आणले, “मख इक मेस्पेलन?” म्हणजे, मी तुमच्यात खेळू का? हे वाक्य पहिल्या दिवशीच शिकवायला हवे होते, असे ती नंतर अनेक नवागत मातांना सांगत असे.

डिसेंबर हा तेथील कठीण महिना. पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेचार वाजून गेले की मावळतो. नवकारशीचे पच्चक्खाण पाळावयाचे तर साडेनऊ वाजून जातात, आणि शाळा तर साडेआठच्या सुमारास भरते. चौविहारासाठी शाळेतून आल्याबरोबर जेवायचे आणि पुढे रात्री झोपेपर्यंत पोट रिकामे. या घराने मंदिरातील ज्येष्ठांशी विचारविनिमय करून मुलासाठी शाळेच्या दिवसांपुरती सवलत ठरविली आणि रविवारी त्याने आपणहून चौविहार करावा, असे त्याच्यावर सोपविले. रविवार त्याने कधी चुकविला नाही. सक्तीचे पाच दिवस आणि स्वेच्छेचा एक दिवस यांत कोणता अधिक रुजतो, हे वेगळे सांगायला नको.

याच महिन्यात तेथील मुलांचा लाडका सण येतो. संत निकोलस ६ डिसेंबरला मुलांना खाऊ देतात. आदल्या रात्री मुले आपला एक बूट मांडून ठेवतात आणि संतांच्या पांढऱ्या घोड्यासाठी त्यात गाजर ठेवतात. मुलाने बूट ठेवण्याची परवानगी मागितली तेव्हा वडील घुटमळले. दुसऱ्यांचा सण घरात कसा आणावा? फोनवर बाने निकाल दिला, “पोरगा बूट ठेवतोय, धर्म नाही ठेवत.” बूट मांडला गेला, पण दुसरी अडचण निघाली. गाजर हे कंदमूळ. घरात गाजर येतच नव्हते. मुलाने बराच विचार केला आणि बुटात एक सफरचंद ठेवले. सकाळी सफरचंद गेलेले होते आणि त्याच्या जागी संत्री व चॉकलेट होते.

त्या दिवशी वर्गात प्रत्येकाने आपल्या बुटाची गोष्ट सांगितली. या मुलाची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाला, की आमच्या घरी गाजर नसते, म्हणून आमच्याकडे घोड्याने सफरचंद खाल्ले. वर्ग हसला. कुणी विचारले, गाजर का नसते? त्याने पुन्हा शब्द गोळा केले : जमिनीखालचे उपटले तर सबंध झाडच मरते. वर्ग शांत झाला. तीन महिन्यांच्या मौनानंतर त्याने सांगितलेली ही पहिली गोष्ट. आता त्याच्या डच भाषेत नकाराच्या जोडीला कारण आले होते, आणि कारण सांगता येणारे मूल एकटे पडत नाही.

वसंत ऋतूत शाळेची सहल शेल्ड नदीखालच्या सेंट अ‍ॅना बोगद्यात गेली. पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी १९३३ साली खुला झालेला हा बोगदा ५७२ मीटर लांब आहे आणि त्यात उतरण्यासाठी त्या काळचे लाकडी सरकते जिने आजही आहेत. त्यांचा खडखड आवाज, जुन्या लाकडाचा स्पर्श आणि डोक्यावरून वाहणारी नदी, या कल्पनेने मुलगा भारावला. पुढच्या रविवारी त्याने वडिलांना हाताला धरून तेथे नेले. वडिलांना या शहरात दीड वर्ष झाले होते. कार्यालय, बँक, मंदिर आणि घर यांपलीकडे ते गेले नव्हते. त्या दिवशी मुलगा वाटाड्या होता आणि वडील परके. पलीकडच्या तीरावर जाऊन दोघांनी मागे वळून पाहिले. कॅथेड्रलचा उंच मनोरा आणि नदीकाठची घरे दाखवीत मुलगा म्हणाला, “इथून आपलं अँटवर्प बघा.” ‘आपलं’ हा शब्द वडिलांनी प्रथमच ऐकला. नव्या गावाच्या एखाद्या तरी कोपऱ्याचा जाणकार होण्याची संधी मुलाला मिळाली, की ते गाव त्याचे होऊ लागते.

नदीकाठाने उत्तरेकडे गेले की जुन्या बंदरात रेड स्टार लाइन संग्रहालय लागते. १८७३ ते १९३४ या काळात या कंपनीच्या आगबोटींनी सुमारे वीस लाख माणसे युरोपातून अमेरिका-कॅनडाकडे नेली. ज्या इमारतींत त्या प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होई, कपडे निर्जंतुक केले जात, त्याच इमारतींत २०१३ साली हे संग्रहालय उघडले. पुढे अमेरिकेचा विख्यात गीतकार झालेला अर्व्हिंग बर्लिन १८९३ साली पाच वर्षांचा असताना येथूनच आईवडिलांबरोबर बोटीत चढला. डोळ्यांत खुपऱ्या आढळल्या तर प्रवाशाला अडवले जाई, आणि मग कधी आई पुढे, मूल मागे, अशी ताटातूट होई. मेच्या एका बुधवारी वडील मुलाला तेथे घेऊन गेले. पेट्या, तिकिटे, छायाचित्रांतील कोटातली गंभीर मुले. मुलगा एका छायाचित्रासमोर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “पप्पा, ह्या मुलांना सांगितलं होतं का, कुठे चाललेत ते?”

वडिलांना उत्तर देता आले नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाला आइस्क्रीम घेऊन दिले आणि दोघे न बोलता घरी आले.

तो प्रश्न वडिलांच्या मनात तीन महिने राहिला. आदल्या वर्षी संवत्सरीला त्यांनी फोनवरून शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठविले होते. व्यापारी, दलाल, देणेकरी, दूरचे नातलग, कोणी सुटले नव्हते. शेजारच्या खोलीतील मुलाला मात्र त्यांनी काही म्हटले नव्हते. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावे, क्षमा मोठ्यांनी एकमेकांची मागावी, अशीच घरोघरची रीत.

दुसऱ्या वर्षीची संवत्सरी आली. विल्राइकच्या मंदिरात प्रतिक्रमण झाले. बाहेर पडल्यावर पांढऱ्या पायऱ्यांवर वडील मुलाजवळ बसले आणि हात जोडून म्हणाले, “गेल्या वर्षी आपण सुट्टीला चाललो आहोत, असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मला ठाऊक असून मी तसं सांगितलं. मिच्छामि दुक्कडम्.”

मुलगा चपलेचा बंद लावीत होता. मान वर न करता म्हणाला, “मला माहीत होतं, पप्पा. विमानतळावर बा रडत होती. सुट्टीला जाताना कुणी रडतं का?”

“मग तू विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सांगाल, असं वाटलं.”

मुलांपासून काही लपविले, की ते त्यांना कळत नाही असे नसते. त्यांना कळते, आणि आईवडील सांगत नाहीत म्हणजे विचारू नये, हेही कळते. मग ती आपल्या आईवडिलांना सांभाळू लागतात. या मुलाने जूनमध्ये ‘आपण कधी जायचं?’ असे विचारले, तेव्हा तो बहुधा तारीख मागत नव्हता. खरे सांगण्याची संधी देत होता. सत्य हे व्रत आपण पेढीवर सांभाळतो, वजनात आणि शब्दात सांभाळतो. नऊ वर्षांच्या मुलाशी बोलतानाही ते तितकेच लागू आहे.

परदेशी जाण्याचे ठरले की पेट्या भरण्याआधी काही गोष्टी अवश्य कराव्यात. मुलाला लवकर आणि खरे सांगावे. किती काळासाठी हे निश्चित नसेल तर तेही सांगावे. शाळा, मित्र, शेजारी, कोपऱ्यावरचा वाणी, यांचा रीतसर निरोप घेऊ द्यावा. त्याची देणी-घेणी, मग ती एका पुस्तकाची का असेनात, त्याच्या हातून पुरी होऊ द्यावीत. सामानात काय न्यायचे याचा एक कप्पा त्याच्या मर्जीवर सोडावा. तेथे गेल्यावर ‘बघ, इथे किती छान आहे’ असे म्हणण्याची घाई करू नये. आठवण येते असे मूल म्हणाले तर ‘मलाही येते’ एवढे उत्तर पुरते. नवी भाषा मुलाला आधी येते म्हणून त्याला बँकेत, दवाखान्यात, कचेरीत दुभाषा करून नेऊ नये. मोठ्यांच्या चिंता उलथून सांगण्याचे काम त्याच्या खांद्यावर जड होते. आणि झोप उडणे, वारंवार पोट दुखणे, अंथरूण ओले होणे, सारखे एकटे बसणे अशा खुणा आठवडेच्या आठवडे टिकल्या, तर शिक्षक आणि डॉक्टर यांच्याशी संकोच न करता बोलावे. त्यात घराण्याची काही बेअब्रू नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान मुलापुढे ठेवले. नाताळात शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी असते. गिरगावला केव्हा जायचे आणि केव्हा परतायचे, त्या दोन्ही तारखांवर मुलाने पेन्सिलीने खुणा केल्या. वडिलांनी हात पुढे केला. मुलाने तो धरला, घट्ट दाबला आणि पेढीवर ऐकलेला शब्द मोठ्या गांभीर्याने उच्चारला, “माझल.”